थिडा, तू मले पाडलं त्याबद्दल

थिडा, काल तुझी श्रद्धांजलीची सभा झाली. ग्रामपंचायतीच्या पटांगणात सतरंज्या टाकल्या होत्या, खुर्चीवर तुझा फोटो ठेवला होता अन् त्याचा हार मीच करून नेला होता. फोटो तुले अजिबात आवडला नसता. तुले जन्मात कधी आधार कार्ड भेटलं नाही, पण फोटो मात्र त्याच्यावर असते तसाच, डोळे वटारलेला. हसून राहिलेला एखादा शोधा म्हणून मी किती सांगितलं, पण कोणाले शोधायची सवड नव्हती.

लोक भल्ले बोलले. जिवंतपणी ज्याईनं तुले 'ते चिनी बाई' म्हटलं, ते काल 'आमच्या थिडाताई' म्हणून राहिले होते. मी मागं बायाईत बसून ऐकत होती. मंग आमचे काकाजी उठले. वाचणाऱ्याले माहीत नसन म्हणून सांगून ठेवते, काकाजी म्हणजे माझे चुलत सासरे. कोणाच्या पोरीची सोयरीक कुठं करायची इथपासून तं ग्रामपंचायतीत कोणाले बसवायचं इथवर, आमच्या गावातलं सारं त्यांच्या ओट्यावर ठरते. त्यांनी घसा खाकरला अन् म्हणले, "थिडाबाईनं सारी जिंदगी लोकशाहीसाठी घालवली. त्याईच्या आत्म्याले शांती भेटावी म्हणून यंदा आपण गावात भांडण नाही करायचं. सरपंचपद बायाईसाठी सुटलं आहे. तवा थिडाबाईच्या स्मरणार्थ आपली शोभा बिनविरोध. वाजवा टाळ्या."

अन् श्रद्धांजलीच्या सभेत लोकाईनं टाळ्या वाजवल्या. शोभा म्हणजे मीच. मले हसू आलं. असं आलं की पदर तोंडात कोंबावा लागला, अन् बाजूच्या बायाईले वाटलं मी रडून राहिली, त्या माझ्या पाठीवरून हात फिरवाले लागल्या. मतापायी जी बाई तुरुंगात गेली, देशाले मुकली, तिच्या स्मरणार्थ गावानं मतदानच रद्द केलं. तू असती तं तिथंच उभी राहिली असती अन् म्हणली असती, "काहून? मी मेली, मतदान नाही मेलं." मंग काकाजींनी चहा मागवून विषय बदलला असता.

पण हसू किती वेळ पुरन? फॉर्म भरायचा शेवटचा दिवस परवा आहे. काकाजींनी मले विचार कराले उद्या संध्याकाळपर्यंतचा वेळ दिला. त्यांच्या हिशेबानं विचार म्हणजे फॉर्म भराले जाताना साडी कोणती नेसायची, तेवढाच. अन् सरपंच व्हायची मले हौस आहे, लय हौस आहे, ते तुझ्यापासून मी कधी लपवलं नाही. आता फक्त गप्प बसायचं आहे. गप्प बसली की खुर्ची माझी.

म्हणून आज दुपारपासून तुझ्याशी बोलत बसली आहे. दुसऱ्या कोणाशी बोलू?

तू पहिल्यांदा आमच्या वावरात आली तो दिवस आठवते का? आम्ही माळी माणसं, फुलं अन् भाजीपाला पिकवतो, अकोल्याच्या बाजारात नेतो. मी झेंडू तोडून राहिली होती. वामनभाऊ, तुझा नवरा, तवा नुकतेच गेले होते. ते आमच्याच गावचे, दिल्लीत नोकरीले होते, तिथं तुझी गाठ पडली अन् रिटायर झाल्यावर तुले घेऊन घरी आले. ते गेल्यावर गावाले वाटलं, आता ही बाई आपल्या ब्रह्मदेशात परत जाईन. कुठं जाणार होती तू? तिकडं पाय ठेवला तं थेट तुरुंग. अन् इकडं तू डोंगर उतरून बिनकागदाची आलेली, म्हणून आमच्या सरकारनं तुले राहू दिलं, पण आपलं म्हटलं नाही. नागरिक व्हायचा तुझा अर्ज फिरतच राहिला.

तर तू बांधावर उभी राहून म्हणली, "शेवंती आहे का?"

"विहारात वाहाले पाहिजे?"

"नाही. केसात घालाले."

माझ्या सासूबाई तिथंच भाकर खाऊन राहिल्या होत्या. घास हातातच राहिला. नवरा जाऊन चार महिने झाले नाहीत अन् बाई केसात फूल घालून राहिली. तू त्याईच्याकडे पाहिलं अन् म्हणली, "नवरा गेला जी. डोकं तं इथंच आहे ना." सासूबाई नंतर मले म्हणे, ही बाई चांगली नाही. अन् आठ दिवसांनी त्याच म्हणे, ते फूलवाली आली नाही वं आज.

तुझी मराठी वामनभाऊची शिकवलेली, म्हणजे अस्सल वऱ्हाडी, मधात दिल्लीची हिंदी. पुण्याच्या माणसानं ऐकली असती तं म्हटलं असतं बाई भांडून राहिली. आम्हाले वाटलं, आपलीच आहे.

मंग तू तोडणीलेच येऊ लागली. मजुरी घे म्हटलं तं घेत नव्हती, शेवंतीचा गुच्छा घेऊन जायची. तिथंच, झेंडूच्या ओळीत वाकून, तू तुझं सारं सांगितलं. कॉलेजच्या पोराईचा मोर्चा, सैनिकाईनं झाडलेल्या गोळ्या, मैत्रिणीची रस्त्यात पडलेली चप्पल. मंग लष्करानं निवडणूक घेतली, तू तुझ्या आईसोबत रांगेत लागली अन् जिंदगीत एकदाच मत टाकलं. लोक जिंकले. अन् जे जिंकले त्याईलेच धरून आत टाकलं, त्याईच्यासाठी पत्रकं वाटली म्हणून तुलेही. किती वर्षं, ते तू कधी धड सांगितलं नाही. हे असलं ऐकून माझे हात थांबत, अन् तू मधातच म्हणे, "हे फूल सडलं आहे, टोपलीत कायले टाकून राहिली?" मी ते फूल काढून फेकत होती.

आता आपल्या भांडणावर येते.

मागच्या खेपेले, पाच वर्षांआधी, ग्रामपंचायतीची निवडणूक लागली अन् आमच्या वॉर्डातली जागा बायाईसाठी सुटली. काकाजीच्या ओट्यावर बैठक झाली अन् ठरलं की साऱ्या जागा बिनविरोध, आमच्या वॉर्डातून शोभा. मी उड्या मारत तुझ्याकडे आली होती, पेढे घेऊन. तू पेढा घेतला नाही. म्हणली, "तुले किती मतं पडली?"

"बिनविरोध म्हणजे मतदानच नाही वं. साऱ्याईनं मिळून ठरवलं."

"साऱ्याईनं म्हणजे कोणी? तू होती बैठकीत? विमल होती?"

विमल म्हणजे आमच्या वावरात तोडणीले येणारी, पलीकडच्या वस्तीतली, पण आमच्याच वॉर्डातली. ती कायले राहीन बैठकीत? मीच नव्हती. मले ओट्याच्या मागच्या दारातून चहा द्याले बोलावलं होतं.

मी तुले सारं समजावून सांगितलं, अन् ते मी आजही चूक मानत नाही. निवडणूक आली की आमच्या गावात दारू वाहते. मटणाच्या पंगती उठतात. सख्खे भाऊ एकमेकाच्या दारापुढून जाताना मान फिरवतात अन् ती मान पाच वर्षं सरळ होत नाही. एका निवडणुकीत माझ्या नणंदेचं ठरलेलं लग्न मोडलं होतं. काकाजी बिनविरोध बिनविरोध करतात ते खुर्चीपायीच नाही, त्याईनं हे सारं डोळ्यानं पाहिलं आहे. तू ऐकून घेतलं. मंग म्हणली, "तुरुंगात आमच्या खोलीत बाया होत्या. जेलरशी कोण बोलन, ते आम्ही मत टाकून ठरवत होतो. चिंचोके टाकायचे टमरेलात, पाठ फिरवून. सवय जाऊ नये म्हणून. तुमी बाहेर आहात, मोकळ्या आहात, अन् तुमी मत चहासोबत पिऊन टाकता."

मले राग आला. मी म्हटलं, तुमच्या देशाचं तुमच्या देशात, आमच्या गावात कायले आणते? तुले लागलं ते. मले दिसलं, अन् तरी मी पेढ्याचा डबा उचलला अन् निघून आली.

मंग मी मूर्तिजापूरले तहसीलमध्ये फॉर्म भराले गेली, मागं काकाजी, यजमान, दोन गाड्या. रांगेत माझ्या पुढं विमल उभी. अन् विमलच्या बाजूले तू, केसात माझ्याच वावरातली शेवंती घालून. थिडा, त्या वेळी मले तुझा गळा धरावा वाटला होता. तुले मत नाही, तुले उभं राहता येत नाही, तं तू माझ्याच मजूर बाईले माझ्याविरुद्ध उभी केली. काकाजी म्हणले, "ही परदेशी बाई आपल्या गावात काडी लावून राहिली." तू त्याईले हात जोडून नमस्कार केला. मले मात्र नुसतं पाहिलं, अन् तुझ्या डोळ्यात ना राग होता, ना माफी. तू खुश दिसून राहिली होती.

तुझ्यामुळे मले दारोदार फिरावं लागलं. लग्न होऊन या गावात आल्यापासून अर्धे गल्लीबोळ मी पाहिलेच नव्हते. पलीकडच्या वस्तीत गेली तं एक म्हातारी म्हणे, "बस वं शोभा, मत मागाले आली तं पहिले पानी पे. हेच पानी आमी पेतो." पेली. त्याची खारट चव आतापर्यंत जिभेवर आहे. दुसरी म्हणे, तू निवडून आल्यावर ग्रामसभा तोडणीच्या टायमाले ठेवशीन का आमी घरी असतो तवा? ग्रामसभा कधी होते ते मलेच माहीत नव्हतं.

मतदानाच्या दिवशी तू तुझं ते लुंगीसारखं रेशमी नेसणं नेसून आली अन् शाळेच्या समोर, पोलिसानं आखलेल्या रेघेच्या बाहेर, दिवसभर उभी राहिली. मी मत टाकून बाहेर आली. तू आडवी आली अन् म्हणली, "बोट दाखव." मी तुझ्याशी बोलत नव्हती, तरी दाखवलं. तू माझं बोट हातात धरून ती शाई पाहात राहिली, सोडेचना. मागून यजमान म्हणले चला, तवा सोडलं.

अन् मी पडली. थोड्या मतांनी, पण पडली. विमलच्या वस्तीत गुलाल उधळला अन् आमच्या घरी कोणी जेवलं नाही.

त्यानंतर तुले शेवंती देणं मी बंद केलं. निरोप पाठवला की यंदाची शेवंती संपली, अन् शेवंती पिवळीधम्मक सडकेवरून दिसून राहिली होती. तू रोज त्याच सडकेनं जात होती. मान फिरवायची माझी पाळी आली होती, अन् मी ती बरोबर फिरवली. आमच्या गावाची रीतच आहे, मी काही वेगळी नाही.

महिना उलटला नसन. अमरावतीकडे पुन्हा बिमारी वाढली, पुन्हा लॉकडाऊन लागला, आमच्याकडेही पोलीस फिरू लागले. एक दिवस सातच्या सुमारास तुझ्या घराकडून थाळी वाजल्याचा आवाज आला. आधल्या वर्षी साऱ्या देशानं वाजवल्या होत्या ना, तं आमच्या गल्लीले वाटलं, आला पुन्हा हुकूम सरकारचा. शेजारीण ताट घेऊन बाहेर आली. तिचं पाहून तिची जाऊ. मी उलथनं अन् कढई घेऊन निघाली. काकाजी चक्क पितळी परात घेऊन आले अन् धोतर सावरत वाजवू लागले. सारी गल्ली वाजवून राहिली अन् कोणालेच माहीत नाही की कायले. वाजवत वाजवत आवाजाच्या मागं आम्ही तुझ्या अंगणात आलो.

तू ॲल्युमिनमच्या पातेल्यावर पळी हाणत होती अन् तुझ्या डोळ्यातून पाणी वाहात होतं. खांबाले टेकवून ठेवलेल्या फोनमध्ये कुठलं तरी शहर दिसत होतं, खिडक्याखिडक्यातून लोक भांडे बडवत होते. तिकडं आठ वाजले होते, इकडं सात. तू आम्हाले पाहिलं अन् तुझी पळी थांबली. तुले वाटलं, सारं गाव तुझ्या देशासाठी आलं. आम्हाले वाटलं, तुले सरकारचा मेसेज आला.

"काय झालं वं?" मी विचारलं. निवडणुकीनंतरचं माझं तुझ्याशी पहिलं बोलणं.

"लष्करानं पुन्हा घेतलं," तू म्हणली. "लोक जिंकले होते शोभा. मोजून जिंकले होते. पुन्हा धरून आत टाकलं."

काकाजींनी परात खाली केली. "मंग हा सरकारचा हुकूम नाही का?"

"नाही जी. आमच्याकडे घरातलं भूत हाकलाले भांडे वाजवतात. म्हणून लोक वाजवून राहिले."

काकाजींनी फोनमधल्या त्या खिडक्याईकडे वाकून पाहिलं. मंग म्हणले, "आता वाजवलीच आहे तं वाजवू," अन् परात पुन्हा उचलली. त्या माणसाचं मले कधी समजत नाही.

मी कढई वाजवत तुझ्या बाजूले उभी राहिली. पलीकडून विमलही आली, हातात झाकण घेऊन. आम्ही तिघी एका ओळीत. अन् तिथं, त्या गोंगाटात, माझ्या डोक्यात लख्ख पडलं. मी पडली होती, तं दुसऱ्या दिवशी विमल ग्रामपंचायतीत जाऊन बसली अन् मी माझ्या घरी. मले कोणी धरलं नाही, तिले कोणी धरलं नाही. जो हरला तो घरी गेला अन् जो जिंकला तो खुर्चीवर बसला. एवढं साधं तुले तुझ्या गावात कधी पाहाले भेटलं नव्हतं, म्हणून तू ते माझ्या गावात पाहून राहिली होती. तहसीलच्या रांगेत तू खुश काहून होती, ते मले त्या अंगणात समजलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेवंती घेऊन आली. तू म्हणली, "संपली होती ना?" मी म्हटलं, "पुन्हा आली." तू हसली अन् केसात घातली.

त्या पुढं कितीतरी दिवस सातच्या टायमाले बाया तुझ्या अंगणात येत राहिल्या. हुकूम नाही हे माहीत असून.

विमलनं काम चांगलं केलं, हे मी तोंडावर कधी बोलली नाही पण इथं लिहून ठेवते. ग्रामसभा तोडणी संपल्यावर व्हाले लागली. पहिल्याच सभेत मी उठून तिले पलीकडच्या पाण्याचं विचारलं, भल्लं टोचून विचारलं. ती लाल झाली. पुढच्या सभेत तिनं उत्तर आणलं. त्याच्या पुढच्या सभेत नळ आला. तू मागं बसून दोघींकडे पाहात होती अन् तोंडात सुपारी चघळत होती. मी बिनविरोध बसली असती तं मले कोणी विचारलं असतं? काकाजींनी चहा मागवला असता.

अन् तुझा तिकडचा लढा सुटला नाही. तुझ्या फोनवर रात्रंदिवस तिकडच्या पोराईचे आवाज. कोण जंगलात गेलं, कोणाचा पत्ता नाही, कोणाले औषध पाठवायचं. फोन ठेवला की तू उठून चहा टाकायची अन् साखर विसरायची. मी तसाच प्यायची.

एकदा आपण अमरावतीले गेलो होतो, पोरीईच्या एका कॉलेजात तुले बोलाले बोलावलं होतं. पोट्ट्यांनी विचारलं, "मॅडम, तुमी जिंकसान का?" तू म्हणली, "मले माहीत नाही. पण तुमच्या कॉलेजात विद्यार्थ्याईची निवडणूक होते का?" पोट्ट्या एकमेकीकडे पाहू लागल्या अन् स्टेजवर प्राचार्य खोकलू लागले. परत येताना एसटीत मी हसून हसून बेजार झाली. तू म्हणली, यात हसायचं काय आहे?

पण आपला वाद काही मिटला नाही. मी म्हणत राहिली, दारू, मटण, मोडलेली लग्नं, याचं काय? तू म्हणत राहिली, ते तुमी सुधारा, पण मत सोडू नका. मी म्हणायची, सुधारा म्हणजे कसं, ते सांग. तू विषय बदलायची. अकोल्याच्या दवाखान्यात, तुझे पाय सुजले होते अन् बोलताना दम लागत होता, तरी मी तोच वाद काढला. वाद घातला की तुझ्या चेहऱ्यावर रंग येत होता म्हणून काढला. तू डोळे मिटून ऐकलं. मंग म्हणली, "त्याचं उत्तर माझ्यापाशी नाही शोभा. आमच्याकडे निवडणूक एवढी टिकलीच नाही कधी, की बिघडावी."

मी तुझे पाय दाबत बसली. ते आपलं शेवटचं धड बोलणं. नंतर तू तुझ्याच भाषेत बोलू लागली, बहुतेक आईशी.

तवाच म्हणायचं होतं अन् राहिलं. आपल्याकडे कोणी कोणाले धन्यवाद म्हणत नाही, लाज वाटते, परक्यासारखं वाटते. पण तू गेली आहे, आता लाजून काय करू? मले पाडलं त्याबद्दल धन्यवाद, थिडा. मले माझं गाव दाखवलं त्याबद्दल. माझ्या बोटावरची शाई तशी धरून पाहिली त्याबद्दल. माझ्यासारख्या चहा देणाऱ्या बाईले सभेत उठून प्रश्न विचारायची खोड लावली त्याबद्दल. तुझा देश तुले भेटला नाही याचं मले दुःख आहे, ते माझ्याच्यानं भरून निघत नाही. पण तुझं नशीब फुटकं म्हणून माझ्या गावाचं चांगलं झालं, हेही खरं आहे, अन् मी त्याचा आनंद मानून राहिली, तू राग मानू नको.

इथवर लिहून ठेवलं होतं. मधात दोन दिवस गेले, आता पुढचं सांगते.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी विमलच्या घरी गेली. ती चुलीपाशी होती. मी म्हटलं, "फॉर्म भरला का?"

"कायचा?"

"सरपंचाचा."

तिनं भाकर उलटली. म्हणली, "नाही वं बाई. थिडाताई आत्ताच गेल्या. काकाजी म्हणले त्याईच्यासाठी यंदा भांडण नको. मी बी हो म्हटलं. तूच हो. तू चांगलं करशीन."

मले वाटलं होतं काकाजीशी भांडावं लागन. विमलशी भांडावं लागन हे ध्यानीमनी नव्हतं. ती खऱ्या मनानं बोलून राहिली होती, तुझ्यापायी. तिच्या डोळ्यात पाणी होतं. अन् खरं सांगू, एक क्षण मले वाटलं, शोभा, आता गप्प बस. दोन्हीकडून आलं आहे, देवानं दिलं आहे, घे. साडीसुद्धा डोळ्यापुढं आली, ती मोरपंखी.

मी म्हटलं, "विमल, तू उभी राहणार नसशीन तं मीही राहत नाही."

"मंग सरपंच कोण?"

"काकाजी ठरवतीन. त्यांची सून आहे, नातसून आहे."

तिनं भाकर तशीच तव्यावर ठेवली अन् माझ्याकडे पाहिलं. "बह्यताड झाली का तू? हातात आलेलं सोडून राहिली."

"तू नसली तं माझ्या हातात काय आलं? मले कोणी निवडलं म्हणू? चल, उठ."

भाकर करपली तरी ती उठेना. मंग म्हणली, "मी उभी राहिली तं जिंकन. मांगच्यासारखी. मंग तोंड फुगवशीन अन् मले तोडणीले बोलावणार नाहीस."

"फुगवीन. पण बोलावीन."

तवा ती हसली.

काकाजीले मी त्यांच्या ओट्यावर जाऊन सांगितलं, मागच्या दारानं नाही, पुढच्या. ते रागावले नाहीत, त्याचं मले जास्त वाईट वाटलं. म्हणले, "अवं पोरी, घरची म्हणून वाढून दिलं होतं. थिडाबाईच्या नावानं." मी म्हटलं, "काकाजी, तिच्या नावानंच नको म्हणून राहिली." त्याईनं सुपारी कातरली. मंग म्हणले, गावात भांडण झालं तं तू जबाबदार. मी म्हटलं हो, दारू अन् मटण दोघींच्याही पॅनलमध्ये नाही, तसं आम्ही ठरवलं आहे. पाहू किती टिकते ते. टिकणार नाही असं काकाजीच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. कदाचित माझ्याही.

आज सकाळी मी अन् विमल एकाच ऑटोत मूर्तिजापूरले गेलो. तहसीलमधला बाबू फॉर्म घेऊन म्हणला, "दोघी एकाच पॅनलच्या का?" विमल म्हणली, "नाही साहेब, आमी एकमेकीच्या विरोधात." त्यानं चष्मा काढून आम्हा दोघींकडे पाहिलं अन् शिक्के मारले. परत येताना ऑटोवाल्यानं विचारलं, यंदा कोण निवडून येऊन राहिली तुमच्या गावात? विमल माझ्याकडे पाहून हसली, मीही हसली.

कोण येईन, मले माहीत नाही, थिडा. विमललेही माहीत नाही. काकाजीलेही माहीत नाही.